विश्लेषण : किक वाजली की ढोलकी का हरवते? इलेक्ट्रॉनिक संगीतातील ‘साइडचेन’चे तंत्र नेमके काय?

लॅपटॉपवर रिमिक्स करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. ढोलकी सुटी ऐकली की खणखणीत वाटते, पण तिच्याखाली किक ड्रम घातला की ती कुठे जाते कळत नाही. ढोलकीचा आवाज वाढवावा तर सगळेच फाटते, किकचा कमी करावा तर गाण्याचा जोर जातो. या पेचावर ‘साइडचेन कॉम्प्रेशन’ हे जुने आणि तसे सोपे उत्तर आहे. मात्र बहुतेक जण त्याचा अर्धाच उपयोग करतात. जागा नेहमी ढोलकीनेच द्यायची आणि घ्यायची किकने, असा काही नियम नाही.

मळवलीत तालाच्या किती पिढ्या?

पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावरचे मळवली हे छोटे स्थानक. उतरून द्रुतगती मार्ग ओलांडला की भाजे लेणी, उलट दिशेला जुना महामार्ग ओलांडला की कार्ला लेणी आणि एकवीरा आईचे मंदिर. भाजे लेण्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापर्यंत मागे जातो. तिथल्या दक्षिणेकडच्या विहारातील शिल्पांत एक स्त्री नाचते आहे आणि तिच्याजवळ बसलेली दुसरी स्त्री तालवाद्य वाजवते आहे. त्या वाद्याला तबल्याचा पूर्वज म्हणावे की नाट्यशास्त्रात वर्णन केलेल्या पुष्कर वाद्यांपैकी एक, हा वाद जुना आहे. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. वादक एकच आहे आणि हात दोन आहेत.

कार्ल्याला चैत्रातील यात्रेत कोळी-आगरी भाविकांबरोबर येते ते बेंजो पार्टीचे, ढोल-ताशाचे आणि आता डीजेवरच्या कोळीगीत रिमिक्सचे संगीत. लोणावळ्याच्या पलीकडे ॲम्बी व्हॅलीत गेल्या दशकात ‘एन्चान्टेड व्हॅली कार्निव्हल’सारखा इलेक्ट्रॉनिक संगीताचा मोठा महोत्सव भरला. त्याआधी २००७ मध्ये गोव्यातील कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालेला ‘सनबर्न’ २०१६ मध्ये पुण्याजवळच्या केसनंदला आला. आणि २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी शब्दांचे हाउस गाणे नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केले. मराठी ताल आणि चार ठोक्यांची किक एकत्र वाजणे ही आता नवलाई राहिलेली नाही. ती नीट वाजतात का, हा पुढचा प्रश्न.

माणूस वाजवतो तेव्हा हा प्रश्न फारसा येत नाही. ढोलकीवाल्याच्या डाव्या हाताचा घुमारा आणि उजव्या हाताची चाट एकाच डोक्यातून निघतात. कुठे एक हात आवरायचा आणि दुसरा सोडायचा, हे तो न ठरवताच ठरवतो. लॅपटॉपवर मात्र किक एका सॅम्पल पॅकमधून आलेली, ढोलकीचा लूप दुसरीकडून, ताशा कुणाच्या तरी रेकॉर्डिंगमधून. कुणालाच कुणाचे ऐकू येत नाही. साइडचेनने होते ते एवढेच, की एका ट्रॅकला दुसऱ्या ट्रॅकचे कान मिळतात.

साइडचेन म्हणजे काय?

आधी कॉम्प्रेसर. आवाज एका ठरावीक मर्यादेच्या वर गेला की तो आपोआप दाबणारे हे साधन. ती मर्यादा म्हणजे थ्रेशोल्ड आणि किती दाबायचे ते सांगणारा आकडा म्हणजे रेशो. समजा थ्रेशोल्ड उणे २० डेसिबलवर आहे आणि आवाज उणे ८ वर गेला. मर्यादेच्या वर तो १२ डेसिबल आहे. रेशो ४ : १ असेल तर त्या १२ चे ३ उरतात. म्हणजे कॉम्प्रेसरने ९ डेसिबल कापले.

आता एक छोटा बदल करायचा. कॉम्प्रेसर ढोलकीच्या ट्रॅकवरच ठेवायचा, पण ‘किती जोरात वाजते आहे’ हे त्याने ढोलकीकडे पाहून नव्हे, किककडे पाहून ठरवायचे. किक वाजली की ढोलकी ९ डेसिबलने खाली, किक थांबली की ढोलकी पुन्हा वर. बाहेरून येणारा हा इशारा म्हणजे साइडचेन. रेडिओवर निवेदक बोलू लागला की मागचे गाणे आपोआप हळू होते आणि तो थांबला की परत चढते, त्यामागे हेच तत्त्व असते. लग्नाच्या मंडपात साउंडवाला माइकवर घोषणा सुरू होताच गाण्याचा फेडर खाली ओढतो, तेही साइडचेनच. फक्त कॉम्प्रेसरच्या जागी बोट.

ढोलकी हरवते म्हणजे काय होते?

इथे दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते.

पहिली कानातली. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या लहान आवाजाला झाकतो. उलट दिशेने हा परिणाम बराच कमी असतो. याला मास्किंग म्हणतात. म्हणजे किक जितकी वाढवाल तितकी ती केवळ ढोलकीचा घुमाराच नाही, तर त्याच्या वरचाही काही भाग गिळते. दोन्ही आवाज फाइलमध्ये असतात, मीटरवर दिसतात, पण कानापर्यंत एकच पोहोचतो.

दुसरी यंत्रातली. डिजिटल आवाजाला छत असते, शून्य डेसिबलचे. त्यावर काहीच जात नाही. सारख्या उंचीची दोन शिखरे एकाच क्षणी एकमेकांवर आली तर बेरीज ६ डेसिबलपर्यंत वाढते. ते छत फुटू नये म्हणून शेवटी लावलेला लिमिटर सगळेच गाणे दाबतो आणि त्यात नाजूक ठोके आधी जातात. ढोलकीचा फेडर वर ढकलल्यावर ‘सगळेच फाटते’ ते यामुळे. किकच्या त्या १००-१५० मिलिसेकंदांपुरती ढोलकी बाजूला झाली, तर ती बेरीजच होत नाही.

नेहमीची पद्धत कोणती?

नृत्यसंगीतात हे तंत्र सर्रास वापरले जाते ते किक आणि बेस गिटार किंवा सिंथ यांच्यात. डाफ्ट पंकचे ‘वन मोर टाइम’ (२०००) आणि एरिक प्रिड्झचे ‘कॉल ऑन मी’ (२००४) ऐकले की सगळे गाणे किकबरोबर श्वास घेते आहे असे वाटते. त्याला ‘पंपिंग’ म्हणतात. एके काळी हा दोष मानला जाई. कॉम्प्रेसरचे काम ऐकू आले तर इंजिनीअरचे चुकले असे समजत. नृत्यसंगीताने त्या दोषालाच ताल बनवले.

त्यामागचे गणित सोपे आहे. हाउस गाणे मिनिटाला १२८ ठोक्यांचे असेल तर दोन किकमधले अंतर ६० भागिले १२८, म्हणजे साधारण ४६९ मिलिसेकंद. दबलेला आवाज पूर्ववत व्हायला लागणारा वेळ म्हणजे रिलीज. तो २००-२५० मिलिसेकंद ठेवला तर आवाज बरोबर दोन किकच्या मध्यावर भरून येतो आणि उलट्या ठोक्यावर उसळी जाणवते. रिलीज ४६९ च्या पुढे गेला तर आवाज पूर्ण वर येण्याआधीच पुढची किक त्याला पुन्हा खाली ढकलते. मग उसळी नाही, नुसताच दबलेला आवाज.

तालवाद्यांवर वेगळे काय करता येते?

बेस हा लांब, सलग आवाज. तो दाबला तर त्याला नवा आकार मिळतो. तालवाद्याचा ठोका मुळातच आखूड असतो. त्यामुळे ढोलकीच्या प्रत्येक ठोक्यावर आंधळेपणाने साइडचेन लावले तर नेमके किकबरोबर पडणारे ठोके मरतात आणि उरलेले अकारण मोठे वाटतात. सम हरवते. समेवरची थाप ऐकायची सवय असलेल्या कानाला हे लगेच खटकते, कारण समजले नाही तरी.

म्हणून पहिला उपाय म्हणजे सगळी ढोलकी न दाबता फक्त तिचा खालचा भाग दाबणे. मल्टिबँड कॉम्प्रेसर किंवा डायनॅमिक इक्वलायझर वापरून साधारण १५० हर्ट्झच्या खालचा घुमारा किकसाठी बाजूला करायचा आणि वरची चाट तशीच राहू द्यायची. ढोललाही हेच लागू. टिपरूचा ठोका आणि हाताची थाप यांत कडकपणा कुठून येतो आणि धमक कुठून, हे कानाने शोधावे. फक्त धमक दाबावी.

ताशाचे मात्र उलट आहे. तो सलग कडकडणारा. खालची पट्टी त्याच्याकडे फारशी नाहीच, त्यामुळे किकशी भांडण नाही. तरीही त्याला किकचे साइडचेन मुद्दाम लावून पाहावे. एकसुरी वाटणारा ताशाचा लूप प्रत्येक किकपाठोपाठ खालून वर फुगत येतो. पथकात वीस-पंचवीस ताशे असतात तेव्हा वादकांचे हात कधी चढतात, कधी उतरतात आणि त्या लाटेमुळेच अंगावर काटा येतो. एका ताशाचा कापून चिकटवलेला लूप या लाटेला मुकलेला असतो. साइडचेन ती परत आणत नाही, पण तिच्या जागी दुसरी लाट देते.

उलटे केले तर?

मराठी ताल वापरणाऱ्या निर्मात्यांसाठी खरी गंमत इथे आहे. कॉम्प्रेसर किकवर ठेवायचा आणि इशारा ढोलकीकडून घ्यायचा. आता ढोलकी बोलली की किक वाकते.

किक दोन भागांची असते : सुरुवातीचा टणक आघात आणि मागून येणारी घुमणारी शेपटी. नाचणाऱ्याला ठोका कळतो तो मुख्यतः आघातावरून; जागा खाते ती शेपटी. कॉम्प्रेसरचा अटॅक, म्हणजे दाबायला सुरुवात करण्याचा वेळ, १५-२० मिलिसेकंद ठेवला तर आघात सुटून जातो आणि फक्त शेपटी दबते. चार ठोके जिथल्या तिथे राहतात, पण ढोलकीवाला तोडा वाजवतो त्या मात्रांवर जमीन किंचित हलकी होते आणि तोडा वर येतो. ओळ संपताना येणाऱ्या तिहाईसाठी हे फार उपयोगी. सगळ्या गाण्यात चालू ठेवण्याची गरज नाही. चार आवर्तनांत एकदा, तोड्यापुरते ऑटोमेशनने चालू करून बंद केले तरी पुरते.

बरीच रिमिक्स याच ठिकाणी कमी पडतात. ढोलकीचा किंवा संबळाचा लूप घेतला जातो ‘मराठी टच’ म्हणून आणि मग त्याला किकच्या मागे उभे केले जाते. मूळ गाण्यात ज्या वाद्यावर लोक नाचत होते, तेच वाद्य रिमिक्समध्ये सजावट बनते. साइडचेनची दिशा फिरवणे हे एका बटणाचे काम आहे, पण गाणे कुणाचे आहे हे त्यातून ठरते.

न वाजणारी किक

इशारा देणारा ट्रॅक ऐकू आलाच पाहिजे असे नाही. एक छोटा टणक आवाज घेऊन त्याचा नमुना बसवायचा, त्याचे आउटपुट बंद ठेवायचे आणि फक्त कॉम्प्रेसरला तो ऐकवायचा. निर्माते याला घोस्ट ट्रिगर म्हणतात. श्रोत्याला ठोका ऐकू येत नाही. त्याच्यामुळे बाकीच्यांनी घेतलेली माघार मात्र ऐकू येते.

समजा किक सरळ चार ठोक्यांची आहे. घोस्ट ट्रिगरला मात्र तीन-तीन-दोन अशी मांडणी दिली, म्हणजे सोळाव्या भागाच्या आठ पायऱ्यांत पहिल्या, चौथ्या आणि सातव्या पायरीवर ठोका. १२८ च्या गतीला ही एक पायरी साधारण ११७ मिलिसेकंदांची, त्यामुळे रिलीज १०० च्या आसपास हवा. हा ट्रिगर हाय-हॅट आणि ताशाच्या एकत्र ग्रुपवर लावला की सपाट चालणाऱ्या लूपमध्ये एक वाकडी चाल उमटते. नवीन एकही ठोका न घालता. लोकतालाची चाल माहीत असणाऱ्यांनी तिचे खरे वजन कुठे पडते ते मोजून त्याच ठिकाणी ट्रिगर ठेवावेत. सॅम्पल पॅकमधल्या परदेशी लूपलाही मग आपल्याकडच्या चालीचा झोल येतो.

लेण्यातला घुमारा

कार्ल्याच्या चैत्यगृहाची उंची सुमारे १४ मीटर. खाली टाळी वाजवली तर छतावर आपटून परत यायला आवाजाला साधारण २८ मीटर कापावे लागतात, म्हणजे ८२ मिलिसेकंदांच्या आसपास. त्यानंतर भिंती, खांब आणि कमानींतून येणारे असंख्य पडसाद. असा दगडी घुमारा आज कुठल्याही रिव्हर्बमध्ये मिळतो. पण तो ताशावर किंवा ढोलावर लावला की दोन ठोक्यांत चिखल होतो, कारण पहिल्या ठोक्याची शेपटी दुसऱ्या ठोक्यावर पसरते.

इथे ढोलाचा कोरडा ट्रॅक त्याच्याच रिव्हर्बला दाबतो. रिव्हर्ब वेगळ्या बसवर घ्यायचा, त्यावर कॉम्प्रेसर आणि साइडचेनला कोरडा ढोल. ढोल वाजत असेपर्यंत गुहा गप्प, ढोल थांबला की गुहा बोलते. ठोके स्पष्ट राहतात आणि जागेचा मोठेपणाही कळतो.

ढोलांच्या आवाजाशी अशी खेळी नवी नाही. पीटर गॅब्रिएलच्या १९८० च्या तिसऱ्या अल्बमच्या वेळी लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होता. वादकाशी बोलण्यासाठी खोलीत लावलेला माइक चालू राहिला, त्या माइकवर फार जोराचा कॉम्प्रेसर होता. इंजिनीअर ह्यू पॅडघम यांनी तो आवाज पकडला, नॉइज गेटने त्याची शेपटी झटक्यात कापली आणि पुढच्या वर्षीच्या ‘इन द एअर टुनाइट’मधून तो जगभर गेला. तो साइडचेन नव्हे, पण भाऊबंद जवळचा. गेटलाही बाहेरचा इशारा देता येतो : हाय-हॅट वाजेल तेव्हाच उघडणारा गेट एखाद्या सलग खरखरीवर किंवा तंबोऱ्याच्या सुरावर लावला, की तो सूरच तालवाद्य होऊन जातो.

सॉफ्टवेअरमध्ये कुठे सापडते?

एबलटन लाइव्हमध्ये कॉम्प्रेसरच्या डाव्या कोपऱ्यातील छोटा त्रिकोण दाबला की साइडचेनचा भाग उघडतो आणि कोणत्या ट्रॅकचे ऐकायचे ते निवडता येते. एफएल स्टुडिओत मिक्सरवर किकचा ट्रॅक निवडून ढोलकीच्या ट्रॅकच्या खालच्या बाणावर उजवी क्लिक करून साइडचेन जोडायचे आणि ढोलकीवर फ्रूटी लिमिटर टाकून त्यातल्या कॉम्प्रेसरच्या पानावर तो स्रोत निवडायचा. रीपरमध्ये किक ढोलकीच्या ट्रॅकच्या तिसऱ्या-चौथ्या चॅनेलवर पाठवून रीकॉम्पला ‘ऑक्झिलरी इनपुट’ ऐकायला सांगायचे. रीपर ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येतो. मोबाइलवरच्या साध्या ॲपमध्ये ही सोय नसेल तर व्हॉल्यूमची रेषा हाताने खालीवर आखूनही तोच परिणाम साधतो, वेळ जास्त लागतो इतकेच.

एक तांत्रिक खड्डा टाळायला हवा. अटॅक आणि रिलीज अगदी शून्याजवळ नेले की ‘टक टक’ असा आवाज येतो. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट २० मिलिसेकंदांची असते. कॉम्प्रेसर त्याहून खूप वेगाने वरखाली झाला तर तो आवाजाची पातळी न बदलता लाटेचा आकारच बदलू लागतो आणि मूळ आवाजात नसलेला फाटकेपणा त्यात येतो. अटॅक थोडा सैल करावा किंवा लुकअहेड चालू करून कॉम्प्रेसरला किकची वर्दी आधी मिळू द्यावी.

फोनवर आणि ट्रकवर एकच मिक्स चालेल का?

फोनच्या स्पीकरमधून ५०-६० हर्ट्झची किक जवळपास येतच नाही. तरीही चांगल्या मिक्समध्ये ठोका कळतो, कारण किकने बाकीच्या वाद्यांत पाडलेला खड्डा ऐकू येतो. फोनवर ऐकणाऱ्यासाठी साइडचेन हाच ठोका असतो. त्यामुळे रील किंवा यूट्यूबसाठीच्या मिक्समध्ये ताशा आणि हाय-हॅटवर ६ डेसिबलपर्यंत, म्हणजे शिखर निम्मे होईल इतके, दाबायला हरकत नाही.

डीजेच्या भिंतीवर परिस्थिती वेगळी. तिथल्या यंत्रणेत स्वतःचे लिमिटर असतात आणि किकच्या प्रत्येक ठोक्याला ते सगळे गाणे एकदा दाबतातच. त्यावर घरून आणलेले मोठे पंपिंग चढले की दाब दुप्पट होतो आणि ढोलकी पुन्हा गायब. अशा ठिकाणी वाजणाऱ्या आवृत्तीत २-३ डेसिबल पुरेत. साइडचेनमुळे मिरवणूक शांत होते असे मात्र नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी. मिक्स कितीही नेटके असले तरी फेडर कुणाच्या हातात आहे यावरच ते आकडे ठरतात.

केलेले काम जमले का, हे तपासताना कॉम्प्रेसर चालू-बंद करून दोन्ही वेळा एकूण आवाज सारखा ठेवावा. मोठे ते चांगले, असे कानाला नेहमीच वाटते आणि ही चूक वर्षानुवर्षे मिक्स करणाऱ्यांकडूनही होते. मग डोळे मिटून फक्त ढोलकीच्या मागे जावे. तोडा सुरू होऊन समेवर येईपर्यंत तिचा एकही ठोका शोधावा लागला नाही, तर रिलीजला आता हात लावू नये.